मुक्ताचं वाळवण

मार्च सरता सरता मुक्ता मंडईतून मिरच्यांची गोणी घेऊन आली आणि हेमाताईंना वाटलं, चला, जिंकलो आपण.

वाद जुना होता. मुक्ता धायरीतल्या नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागली तेव्हापासूनचा. त्याआधी या दोघी नणंदा-भावजया शहरातल्या जुन्या दगडी चर्चला जात. तिथेच हेमाताईंचं लग्न लागलं होतं आणि तिथूनच त्यांच्या नवऱ्याची, मुक्ताच्या भावाची, बाळासाहेबांची अंत्ययात्रा निघाली होती. पण चर्चच्या आवारातल्या खोल्या सोडून दोघी धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि बसच्या पायऱ्या मुक्ताच्या गुडघ्यांना झेपेनात. हेमाताई रिक्षाने जात. मुक्ता म्हणाली, "दर रविवारी एवढं भाडं? प्रभू काय धायरीत येत नाही?" रंगाच्या दुकानावर एक हॉल होता. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून एक मंडळी भरायची. मुक्ता एका रविवारी सहज म्हणून गेली आणि तिथलीच झाली.

तिथला पास्टर रोहन. आयटीतली नोकरी सोडून सेवेत उतरलेला, पस्तिशीच्या आतबाहेरचा मुलगा. तो पडद्यावर चित्रं दाखवून अंतकाळ शिकवायचा. एके दिवशी अचानक कर्णा वाजेल, आणि खरे विश्वासणारे असतील तिथून वर उचलले जातील. कोणी बसमधून, कोणी अंथरुणातून, कोणी भाकरी थापता थापता. मागे राहतील त्यांना महासंकटाची वर्षं भोगावी लागतील. हे सगळं आता फार लांब नाही. "मी तारीख सांगत नाही," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आणि मग येत्या दिवाळीच्या आतबाहेर काय काय जुळून येतंय ते सांगायचा.

मुक्ता घरी येऊन हे सांगायची. हेमाताई चहाचा कप खाली ठेवायच्या.

"वर म्हणजे नेमकं कुठं गं? पुण्याचं वर आणि अमेरिकेचं वर एक नाही. पृथ्वी गोल आहे. मी उभा जन्म शिकवलंय."

"तुमचा भूगोल ठेवा बाजूला, वहिनी. त्याला पत्ता सापडतो."

"मग त्यानं यावं की! तो येणार, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आपण जाणार, हे कुठून काढलंत?"

यावर मुक्ता भांडी आपटायची. तिचं ते शेवटचं वाक्य असायचं.

हेमाताईंना अशा वेळी सासूबाई आठवायच्या. नगरकडच्या त्या बाई, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेल्या. दर शनिवारी संध्याकाळी उंबरा धुवून त्यावर दोन बोटांची रांगोळी ओढायच्या. नव्या नवरी असताना हेमाताईंनी एकदा विचारलं, "उद्या कोणी येणार आहे का?" तर म्हणाल्या, "सांगता येतं का? प्रभू आला आणि उंबरा मळका दिसला, तर काय म्हणेल!" आणि कंदील घेऊन आत गेल्या. भीती नव्हती त्या बोलण्यात. जावई यायचा असावा तशी गडबड होती. आता त्याच घरातली मुलगी मोबाईलवर माणसं हवेत विरघळताना बघते, कपडे नुसते खाली पडतात, आणि घाबरून डोळे मिटते. हेमाताईंना हे बघवत नसे.

आणि म्हणूनच ती मिरच्यांची गोणी बघून त्यांना मनातून हसू फुटलं. धायरीला आल्यापासून वाळवण बंदच झालेलं. दोन म्हाताऱ्यांना लागतं किती, कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणली की भागायचं. यंदा मात्र मुक्ताने पदर खोचला. मिरच्यांची देठं खुडली, गच्चीवर वाळत घातल्या, खडा मसाला तळला आणि डंकावर नेऊन कुटून आणला. मग उडदाचे पापड. मग कुरडया, सांडगे, लिंबाचं लोणचं. गुडघ्यांना पट्टे बांधून बाई जिने चढत होती.

गच्चीवर शेजारच्या सोजरबाईंचं राज्य. बिल्डिंग उभी राहिली ती जमीन त्यांच्याच सासऱ्यांची. वरचा मजला त्यांना मिळालेला आणि गच्ची त्यांनी आपली मानलेली. त्या खाटेवर बसून बघत होत्या.

"अगं मुक्ताबाय, माणसं दोन तुम्ही. येवढं खाणार कोन हाय?"

"लागतं वर्षभर."

"वर्षाचं म्हनू नको, दोन वर्सं पुरंल!"

"पुरू दे," मुक्ता म्हणाली, आणि कुरडईचा सोऱ्या फिरवत राहिली.

हेमाताई छत्री धरून कडेला उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि जपून ठेवलं. दिवाळीला उडून जाणाऱ्या बाईला दोन वर्षांचे पापड कशाला हवेत? म्हणजे बोलण्यात काहीही असो, पोटात खात्री नाही. जुन्या चर्चचं शिक्षण असं सहजी पुसलं जात नाही.

याच दिवसांत मुक्ताने आणखी एक टुमणं लावलं. "वहिनी, कुकर लावायला शिका." "वहिनी, इकडे या, आमटीला फोडणी कशी द्यायची बघा." हेमाताई लग्न होऊन आल्या त्या सकाळच्या शाळेत नोकरी करत होत्या. मुक्ताचं लग्न ठरलेला रेल्वेतला मुलगा काविळीने गेला आणि तिने पुन्हा विषय काढू दिला नाही. तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं आणि बाहेरचं जग हेमाताईंचं, अशी वाटणी आपोआप झालेली. पोरबाळ नाही, त्यामुळे ती बदलायचं कारण पडलं नाही. आता या वयात हा हट्ट कशाला, ते हेमाताईंना कळेना. गुडघे फार दुखत असतील बिचारीचे, असं समजून त्या वह्या तपासाव्यात तशा चेहऱ्याने ओट्याशी उभ्या राहायच्या आणि मोहरी करपवायच्या.

"एवढं शिकलेल्या तुम्ही!" मुक्ता कपाळाला हात लावायची. "कसं व्हायचं?"

"कसं व्हायचं म्हणजे? तू आहेस की."

मुक्ता पुन्हा मोहरीचा डबा पुढे करायची.

मे महिन्यात बाळासाहेबांच्या स्मरणाची प्रार्थना असे. घरीच, चार माणसांत. हेमाताईंनी जुन्या चर्चचे पाळक पाटोळे यांना बोलावलं, मुक्ताने रोहनला. एकमेकींना विचारलं नाही. त्यामुळे एकाच सोफ्यावर, एक सलाम म्हणून हात जोडणारे आणि दुसरे 'प्रेझ द लॉर्ड' म्हणून हात मिळवणारे, असे दोन पाळक बसले. मध्ये शंकरपाळ्यांची बशी.

प्रार्थना झाली, बाळासाहेबांच्या आवडीचं भजन झालं. चहा आला आणि कोणाच्या तरी तोंडून दिवाळीचा विषय निघाला.

"सर, रिस्पेक्ट आहे तुमच्याबद्दल," रोहन म्हणाला, "पण जुन्या चर्चेसमध्ये हे शिकवतच नाहीत. लोक रेडी नाहीयेत. नोहाला बघा. आधी त्याला तारवात घेतलं, मग पूर आला. देव आपल्या लोकांना आधी सेफ करतो. पॅटर्न आहे तो."

पाटोळे निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. त्यांनी बशीत चहा ओतला.

"खरं आहे. पण ते तारू पुढे उतरलं कुठं, रोहन? याच जमिनीवर ना? नोहानं खाली उतरून पुन्हा शेतीच केली."

"पण सर, आपण ढगांत त्याला भेटायला जाणार, असं स्पष्ट आहे."

"जाणार ना. आमच्या गावी मोठा पाहुणा आला की लोक वेशीपर्यंत सामोरे जायचे. ताशा वाजवत. आणि त्याला घेऊन गावात परत यायचे. पाहुण्याच्या गाडीत बसून त्याच्या गावाला कोणी निघून जात नसे. रोजच्या प्रार्थनेत आपण त्याचं राज्य इथं यावं म्हणून मागतो. आम्हाला इथून काढ, असं कुठं मागतो?"

"मग महासंकटाचं काय?"

"संकट कोणाला चुकलंय बाबा? पहिल्या शिष्यांना चुकलं? प्लेगात आमची निम्मी वस्ती गेली, ती काय कमी विश्वासाची होती?"

रोहनने बशीतलं एक शंकरपाळं उचललं. मग हळूच म्हणाला, "तुमचं बोलणं छान वाटतं, सर. पण मला ते पटवून घेता येत नाही."

वाद इथे थांबला असता. पण हेमाताईंना राहवलं नाही. इतके दिवस जपून ठेवलेला हुकमाचा पत्ता हातात होता.

"अहो, शास्त्र कशाला उघडता? आमच्या स्वयंपाकघरात या. दिवाळीला स्वर्गात निघालेल्या बाईनं दोन वर्षांचा मसाला कुटून ठेवलाय! कर्णा वाजला तर म्हणेल, थांबा हो, वरच्या फळीवरची बरणी तेवढी घेते!"

सगळे हसले. पाटोळ्यांना ठसका लागला. रोहनसुद्धा ओठ दाबून हसला. मुक्ता कपबशा उचलत होती. तिने वर पाहिलं नाही. ट्रे घेऊन आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

पाटोळे निघाले. रोहन बूट घालत दारात रेंगाळला.

"आंटी, एक विचारू? मुक्ताआंटींना काही टेन्शन आहे का? आमच्याकडे प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी सगळे मोठ्यानं म्हणतात, प्रभू, लवकर ये. त्या हल्ली म्हणत नाहीत. तोंड बंद करून उभ्या असतात."

"शंका आली असेल," हेमाताई म्हणाल्या. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

"असेल." तो लेसकडे बघत राहिला. "मला नाही येत शंका. म्हणजे, येऊ देत नाही. कोविडमध्ये माझे पप्पा गेले. चेहरासुद्धा दाखवला नाही, आंटी. पाटोळे सरांचं बरोबरही असेल. पण मला पप्पा लवकर भेटायला हवेत. लांबचं नको वाटतं."

हेमाताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शंकरपाळे ने थोडे," असं काहीतरी त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुक्ता बोलली नाही. चहा दिला, पोळीभाजी केली, आणि दुपारी मंडळीतल्या कोणाला तरी बघायला म्हणून दवाखान्यात गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आमटी तुम्ही करा आज. डाळ शिजवून ठेवलीय."

हेमाताई ओट्याशी गेल्या. जुनी मसाल्याची पुडी संपली होती. त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची नवी बरणी काढली. झाकण उघडलं. रंग लालभडक, बघूनच घाम फुटावा. मुक्ता मिरची खाणारी. ठेच्याशिवाय तिचा घास उतरत नसे. आणि हेमाताईंना पित्त. म्हणून घरात कायम दोन भांड्यांत आमटी होई, एक मुक्ताची, एक मिळमिळीत. या मसाल्यातला किती घालावा ते कळेना, तेव्हा त्यांनी भीत भीत चिमूटभर जिभेवर ठेवला.

काहीच झालं नाही.

त्यांनी आणखी थोडा घेतला. खोबरं लागलं, धने लागले, लवंग मागून हळूच आली. तिखटपणाचं नाव नाही. नुसती ब्याडगी, जी रंग देते आणि जाळ देत नाही. लवंगी मिरचीचा एक देठसुद्धा यात पडला नव्हता.

हेमाताईंनी दुसरी बरणी उघडली. तोच मसाला. लिंबाचं लोणचं उघडलं. गोड, बिनमिरचीचं. पापडाचा एक तुकडा मोडून चावला. मिरी नाही. सांडग्यांत आलं नाही, कारण आल्याने हेमाताईंना जळजळ होते. त्या एकेक डबा उघडत गेल्या. एवढ्या सगळ्या वाळवणात मुक्ताला चालेल असं काही म्हणजे काही नव्हतं.

त्या स्टुलावर बसल्या. आधी त्यांना वाटलं, मसाल्याची चूक झाली असेल. पण मुक्ताची मसाल्यात चूक होत नाही.

तेवढ्यात सोजरबाई दुधाला विरजण मागायला आल्या. उघड्या बरण्या बघून म्हणाल्या, "काय ओ, तपासनी चाललीय का? बरं, ती तुमची किल्ली माझ्याकडं हाय बरं का. मुक्ताबायनं देऊन ठेवलीया. म्हनली, येखाद्या दिवशी मी दिसले न्हाई, तर घाबरू नगा. पन हेमाताईंकडं रोज डोकवा. त्यांना गॅस बंद करायचं ध्यानात ऱ्हात न्हाई. मी म्हनलं, कुठं तीर्थाला चाललीस का? तर रडायला लागली."

सोजरबाई विरजण घेऊन गेल्या.

म्हणजे मुक्ताच्या मनात शंका नव्हतीच. ती जाणार होती. आणि हेमाताई राहणार होत्या. एका ताटात जेवलेली, एका पलंगावर आजारपणं काढलेली, बाळासाहेबांच्या उशाशी हात धरून बसलेली ही बाई रोज रात्री 'वहिनी, दार लावलं' म्हणून झोपते, आणि तिच्या हिशेबी आपण मागे टाकायच्या माणसांत आहोत. रागाने हेमाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि तो राग धड उभा राहीना, कारण समोर बरण्या होत्या. उन्हात, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी, एकेक जिना चढून भरलेल्या.

मुक्ता परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातून तिला उघडे डबे दिसले. ती चपला काढायचं विसरून उभी राहिली.

"मी राहणार होय गं मागे?" हेमाताईंनी विचारलं.

मुक्ताने पदर तोंडाला लावला.

"सांग ना. तुमच्या त्या पडद्यावर माझं चित्र कुठल्या बाजूला आहे?"

"वहिनी, मी नाही हो ठरवत!"

"मग कोण ठरवतं? तो रोहन?"

"तुम्ही मानतच नाही. हसता. मी किती वेळा म्हटलं, एकदा या, नुसतं ऐका. तुम्ही म्हणता, पृथ्वी गोल आहे." ती खुर्चीवर मटकन बसली. "मला झोप येत नाही. डोळ्यांपुढे येतं, तुम्ही सकाळी उठलात, हाक मारलीत, मी नाही. आणि तुम्हाला चहाची भुकटी कुठंय तेसुद्धा माहीत नाही. महासंकट राहू दे बाजूला. पहिल्याच दिवशी तुम्ही उपाशी राहाल."

"म्हणून मिळमिळीत मसाला."

"तिखटानं तुमचं पित्त खवळतं. तेव्हा कोण बघणार?"

हेमाताईंना एकाच वेळी तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही त्यांनी केलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मग तिथं 'प्रभू, लवकर ये' का म्हणत नाहीस? रोहन सांगत होता."

मुक्ता पाणी प्यायली. बराच वेळ तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"कसं म्हणू? सगळे डोळे मिटून ये ये म्हणतात. आणि मी आतल्या आत म्हणते, थांब. आमच्या वहिनींना अजून कुकर लावता येत नाही. आमटी जमत नाही. तेवढं होऊ दे, मग ये. पाप आहे ना हे? साऱ्या जगाची सुटका मी माझ्या स्वयंपाकघरासाठी अडवून धरलीय."

हेमाताईंना हसू आलं आणि डोळे भरून आले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, थांबेल की, घरचाच आहे तो.

"पाप नाही," त्या म्हणाल्या. "मला ते उडून जाणं पटत नाही, मुक्ता, आणि पटणारही नाही. तो आला तर याच दारात येईल आणि दोघींना एकदम हाक मारेल, असं माझं मन सांगतं. कालचं ते हसणं मात्र चुकलं माझं. चार माणसांत तुला तसं बोलायला नको होतं."

"तुमची कोटी चांगली होती," मुक्ता नाक पुसत म्हणाली. "बरणीची."

"उद्या मंडईत जाऊ. तुझ्यासाठी लवंगी मिरची आणू."

"मला कशाला? मी काय—"

"मी रिक्षाचं भाडं देते. तू नुसती चल."

मुक्ताने चपला काढून दाराशी ठेवल्या. ती हातपाय धुवायला आत गेली.

हेमाताई ओट्याशी वळल्या. डाळ घोटली, तेल तापवलं. मोहरी तडतडली आणि करपली नाही. हिंग, कढीपत्ता, मग तो लाल, शहाणा मसाला. चिंच, गूळ. उकळी आल्यावर त्यांनी पळीतून घोटभर चाखली आणि थबकल्या. आमटी उत्तम झाली होती. अगदी मुक्ताची वाटावी अशी. इतक्या दिवसांचं ते उभं राहणं कुठेतरी मुरलं होतं.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. हेमाताईंनी जन्मात कोणाला एक मार्क खोटा दिला नव्हता. त्यांनी मिठाच्या बरणीत चमचा घातला, भरून काढला, आमटीत सोडला आणि ढवळला. मग थोडा विचार करून आणखी अर्धा.

ताटं मांडली. मुक्ताने डोळे मिटून प्रार्थना केली. मोठ्याने केली ती अन्नाबद्दल, आणि त्यानंतर ओठ हलवत काहीतरी स्वतःशीच. मग पहिला घास घेतला. तिचा चेहरा आक्रसला. तिने पटकन पाण्याचं भांडं उचललं.

"वहिनी! काय हो हे! मिठाचा डबा उपडा केलात की काय?"

"खारट झालीय का?"

"झालीय का म्हणे! नाही, नाहीच जमत तुम्हाला अजून."

"नाही ना," हेमाताई म्हणाल्या आणि तिच्या वाटीत गरम पाणी ओतलं. "उद्या परत दाखव."